तसं काही नाही, पण...

1933 साली कमला भागवत मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.ला पहिली आली आणि तिनं बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सकडे अर्ज केला. प्रवेश मिळेल याबद्दल घरात कुणाला शंका नव्हती. वडील नारायणराव आणि काका माधवराव, दोघंही त्याच संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ होते. पण अर्ज नामंजूर झाला. संचालक होते सी. व्ही. रामन, तीनच वर्षांपूर्वी नोबेल मिळालेले. त्यांनी दिलेलं कारण एवढंच, की अर्जदार मुलगी आहे. कमला बंगळुरूला जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिली आणि प्रवेश दिला नाहीत तर इथंच सत्याग्रह करीन म्हणाली. शेवटी रामन नमले, पण तीन अटी घालून. पहिलं वर्ष तिला नियमित विद्यार्थिनी धरलं जाणार नाही, काम पाहून पुढचं ठरेल. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, वेळ पडली तर रात्री उशिरापर्यंतही, काम करावं लागेल. आणि तिच्या असण्यानं प्रयोगशाळेचं वातावरण बिघडता कामा नये.

पुढे केंब्रिजहून 1939 मध्ये पीएच.डी. मिळवणाऱ्या कमला सोहोनी त्या याच. मराठीत ही गोष्ट बहुतेकदा जिद्दीची गोष्ट म्हणून सांगितली जाते. मला त्यातल्या अटी जास्त बोलक्या वाटतात. नोकरीत आणि कामाच्या ठिकाणी माणसं का डावलली जातात, यावर अर्थशास्त्रज्ञांनी पुढच्या काही दशकांत जे लिहिलं त्यातला बराचसा भाग या तीन वाक्यांत आहे. शिवाय ती वाक्यं दुष्ट माणसाची नाहीत. रामन यांना आपण अन्याय करतोय असं वाटलं नसणार. आपण संस्था सांभाळतोय, असंच वाटलं असणार.

आधी तिसरी अट घेऊ. गॅरी बेकर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाचं भेदभावावरचं पुस्तक 1957 मध्ये आलं. त्याचा मुद्दा असा, की काही मालकांना विशिष्ट लोकांबरोबर काम करणं नकोसं वाटतं आणि त्या नावडीपायी ते आर्थिक तोटाही सोसायला तयार असतात. ही नावड मालकाचीच असायला हवी असं नाही. ती सहकाऱ्यांची असू शकते, गिऱ्हाइकाचीही असू शकते. ‘वातावरण बिघडेल’ या म्हणण्यात संचालकांनी इतरांची अस्वस्थता गृहीत धरली आणि तिचा भार अस्वस्थ होणाऱ्यांवर न टाकता नव्यानं येणाऱ्या मुलीवर टाकला. मुलांनी नीट वागावं अशी अट काही कुणी मुलांना घातली नाही.

बेकरला एक आशा होती. बाजारात चुरस असेल तर आवडीनिवडी पाळणारा मालक मागे पडेल, गुण पाहणारा पुढे जाईल आणि भेदभाव हळूहळू झिजेल. बंगळुरूइतकी चुरस भारतात कुठं असेल? चांगला प्रोग्रॅमर टिकवण्यासाठी कंपन्या एकमेकींच्या अंगावर धावून जातात. तरी भेदभाव झिजला नाही. याचं एक कारण बेकरच्याच मांडणीत सापडतं. चुरस मालकाच्या नावडीला शिक्षा करते, गिऱ्हाइकाच्या किंवा टीमच्या नावडीला नाही. समोरच्या क्लायंटला ठरावीक उच्चार, ठरावीक चेहरा हवा असेल तर तो पुरवण्यात नफाच असतो, आणि टीमला ‘आपल्यासारखाच’ हवा असेल तर तसा माणूस घेण्यात मॅनेजरची डोकेदुखी कमी होते.

पहिल्या अटीचा खुलासा 1970च्या दशकाच्या सुरुवातीला एडमंड फेल्प्स आणि केनेथ ॲरो यांनी केला. मुलाखत घेणाऱ्याला समोरच्याबद्दल फार थोडं माहीत असतं. अर्धा तास, दोन पानी रेझ्युमे, एखादी कोडिंग टेस्ट. उरलेली माहिती तो त्या माणसाच्या गटाबद्दल मनात असलेल्या सरासरीनं भरून काढतो. मुलगी आहे म्हणजे लग्न होऊन जाईल. लहान गावातल्या कॉलेजची आहे म्हणजे इंग्रजी कच्चं असेल. चाळिशी उलटली म्हणजे नवं तंत्रज्ञान झेपणार नाही. इथं द्वेष लागत नाही, आळस पुरतो. आणि बऱ्याचदा ती सरासरी कुणी मोजलेलीही नसते. संशोधन करणाऱ्या मुली कशा निघतात हे रामन यांना कळावं एवढ्या मुली तेव्हा होत्या कुठं?

ॲरोनं आणखी एक पेच दाखवला. आपल्याला घेणारच नाहीत हे ज्यांना ठाऊक असतं, ते त्या कामासाठी लागणारं शिक्षण घेण्यात पैसा आणि वर्षं का घालतील? मग तो गट खरोखरच मागे राहतो, आणि मालक म्हणतो, बघा, मी म्हणत नव्हतो? चुकीचा अंदाज अशा रीतीनं स्वतःला बरोबर ठरवून घेतो. कमलाच्या बाबतीत ही साखळी तुटली, कारण तिनं वर्षभराची परीक्षा मान्य केली. एम. श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली तिनं दूध, डाळी यांतल्या प्रथिनांवर काम केलं. वर्ष संपल्यावर रामन यांचं मत बदललं, आणि पुढे संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. हे त्यांच्या बाजूनं नोंदवायलाच हवं. पण माहिती मिळवण्याचा सगळा खर्च तिनं उचलला. मुलांना गुणपत्रिकेवर प्रवेश मिळत होता. त्याच गुणपत्रिकेवर तिला मिळालं ते एक वर्षाचं अधांतर. रामन शास्त्रज्ञ मोठे, पण मन कोतं, ही खंत कमलाबाईंनी उतारवयातही बोलून दाखवली होती.

दुसरी अट सगळ्यांत निरुपद्रवी दिसते. काम रात्री असेल तर रात्री करायचं, त्यात स्त्री-पुरुष कुठं आलं? पण 2023 चं अर्थशास्त्राचं नोबेल ज्यांना मिळालं त्या क्लॉडिया गोल्डिन यांचं बरंचसं संशोधन याच अटीभोवती फिरतं. ज्या कामात वाढत्या तासांबरोबर मोबदला वाढत्या पटीनं वाढतो, हाक मारताच हजर राहणाऱ्याला जास्त मोल असतं, तिथं घर सांभाळणारी व्यक्ती मागे पडते, आणि ती बहुधा बाई असते. बंगळुरूमध्ये हे समजून घ्यायला पुस्तक उघडावं लागत नाही. अमेरिकेत सकाळ होते तेव्हा इथं रात्रीचे साडेआठ-नऊ वाजलेले असतात. तो कॉल चुकवणाऱ्याला कुणी काढून टाकत नाही, फक्त अप्रेझलच्या वेळी त्याचं किंवा तिचं नाव पटकन आठवत नाही.

वरवर सगळ्यांना सारखा असणारा नियम कुणाला कापतो हे ॲना मणी यांच्या बाबतीतही दिसलं. 1940 मध्ये त्या रामन यांच्या प्रयोगशाळेत आल्या, हिरे आणि माणकांच्या वर्णपटांवर काम केलं, शोधनिबंध लिहिले, 1945 मध्ये प्रबंध दिला. पदवी देणाऱ्या मद्रास विद्यापीठानं ती नाकारली, कारण त्यांच्याकडे एम.एस्सी. नव्हती. नियम सगळ्यांसाठी सारखाच होता! पुढे त्या भारतीय हवामान खात्यात उपमहासंचालक झाल्या, पीएच.डी.शिवायच.

इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या याच आवारात 1974 मध्ये दुसरी गोष्ट घडली. सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, तिथं एम.ई. करत होत्या. नोटीस बोर्डवर टाटांच्या टेल्को कंपनीची जाहिरात लागली होती आणि खाली ओळ होती, की स्त्री उमेदवारांनी अर्ज करू नये. त्यांनी जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड टाकलं. मुलाखतीला पुण्यात बोलावणं आलं, आणि टेल्कोच्या शॉप फ्लोअरवर पहिली स्त्री इंजिनीअर दाखल झाली. मुलाखतीत पॅनलनं जे सांगितलं ते सुधाताईंनीच लिहून ठेवलं आहे. हे काही सहशिक्षणाचं कॉलेज नाही, कारखाना आहे; आजवर इथं बाईला घेतलेलं नाही; आम्हाला तुमच्या हुशारीबद्दल शंका नाही. ‘तसं काही नाही, पण’ या घराण्यातलं हे अस्सल उत्तर आहे. यात तिरस्कार औषधालाही सापडणार नाही. सापडेल ती फक्त सवय, आणि तिच्यामागे थोडा हिशेबही.

तो हिशेब आपण सहसा लपवतो, म्हणून जरा उघडून पाहू. 1948 च्या कारखाने कायद्यानं स्त्रियांना संध्याकाळी सातनंतर कारखान्यात काम करायला मनाई केली होती. हेतू चांगलाच होता. पण तीन पाळ्यांत चालणाऱ्या कारखान्याच्या व्यवस्थापकाला त्यातून दिसलं एवढंच, की हा कामगार दोन पाळ्यांना चालत नाही. कर्नाटकानं ही बंदी 2019 मध्ये सैल केली, वाहतूक आणि सुरक्षेच्या अटी घालून. मग त्या अटींचा खर्च आला.

मातृत्व रजेचंही तेच. 2017 च्या दुरुस्तीनं पगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली आणि पन्नास किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचं झालं. पगार कुणी द्यायचा? कामगार विमा योजनेत असलेल्या, कमी पगाराच्या स्त्रीचा खर्च ईएसआय उचलते. सॉफ्टवेअर इंजिनीअर त्या पगारमर्यादेच्या खूप वर असते, तिचे सव्वीस आठवडे पूर्णपणे कंपनीच्या खिशातून जातात. कोरमंगल्यात बारा माणसांची स्टार्टअप चालवणारा तिशीचा मुलगा समोर नुकतंच लग्न झालेली उमेदवार बसल्यावर मनात काय गुणाकार करतो, हे त्याला विचारून कळणार नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2000 सालच्या मातृत्व संरक्षण करारात याचं निदान स्पष्ट आहे. हा खर्च सामाजिक विम्यातून किंवा सरकारी पैशातून व्हावा, एकेकट्या मालकावर पडू नये, नाहीतर नोकरीच्या बाजारात स्त्रियांनाच त्याची किंमत मोजावी लागेल. भारतानं त्या कराराला मान्यता दिलेली नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळानं नोकरदार स्त्रियांना महिन्याला एक दिवस मासिक पाळीची पगारी रजा मंजूर केली तेव्हा पुन्हा हाच वाद उभा राहिला. रजा हवीच. प्रश्न असा, की समाजाला हवी असलेली गोष्ट एका कंपनीच्या एका टीमच्या बजेटमधून का जावी?

हिशेब आहे म्हणून तो क्षम्य, असं मात्र मला वाटत नाही. बंगळुरूच्या पीण्या किंवा बोम्मनहळ्ळी भागातल्या कपड्यांच्या कारखान्यांकडे पाहिलं की हिशेबाची मर्यादा कळते. मशीनवर बसलेल्यांत बहुतांश बाया, आणि रांगांमधून ओरडत फिरणारे सुपरवायझर बहुतांश पुरुष. बाई शिवणकामात वर्षानुवर्षं मुरलेली असते. यंत्र तिला कळतं, माणसं तिला कळतात, तिचं मातृत्व ईएसआयच्या खात्यावर आहे. तरी बढती तिच्याकडे येत नाही. इथं खर्चाचं कारण देता येत नाही. उरते ती एवढीच समजूत, की हुकूम पुरुषानं सोडायचा.

आता जरा मागे जाऊ, कारण बंगळुरूमध्ये ‘नोकऱ्या कुणाच्या’ हा प्रश्न सॉफ्टवेअरपेक्षा बराच जुना आहे, आणि त्यात मराठी माणूसही आहे. 1881 मध्ये इंग्रजांनी म्हैसूर संस्थान वडियार घराण्याकडे परत सोपवलं. त्यानंतरचे दिवाण रंगाचार्लू आणि शेषाद्री अय्यर मद्रासकडून आलेले. पुढे 1906 ते 1912 या काळात लागोपाठ दोन दिवाण झाले, व्ही. पी. माधवराव आणि टी. आनंदराव. दोघंही तंजावरकडच्या मराठी घराण्यांतले. आनंदराव हे बडोद्याचे दिवाण राजा सर टी. माधवराव यांचे चिरंजीव. मॅजेस्टिकजवळचं आनंदराव सर्कल त्यांच्याच नावाचं. म्हैसूरच्या शिकलेल्या मंडळींची तक्रार होती, की वरच्या जागा मद्रासवाल्यांनी धरून ठेवल्या आहेत. 1912 मध्ये पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकलेले, मुंबई इलाख्यात नाव कमावलेले पण मूळचे म्हैसूरचे विश्वेश्वरय्या दिवाण झाले आणि ती तक्रार मागे पडली.

मग दुसरी तक्रार पुढे आली. म्हैसूरचे झाले तरी नोकऱ्यांत सगळे ब्राह्मणच. 1917 मध्ये ब्राह्मणेतरांनी प्रजामित्र मंडळी स्थापन केली. 1918 मध्ये महाराज नाल्वडी कृष्णराज वडियार यांनी सर लेस्ली मिलर या न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिची शिफारस अशी, की सात वर्षांच्या आत वरच्या नोकऱ्यांत निम्म्या आणि खालच्या नोकऱ्यांत दोन तृतीयांश जागा मागास समाजांकडे जाव्यात. विश्वेश्वरय्यांना अशा राखीव जागाच मान्य नव्हत्या. कार्यक्षमता घसरेल, राज्य मागे पडेल, ही त्यांची खरीखुरी चिंता होती, आणि त्याच वर्षी त्यांनी दिवाणपद सोडलं.

कोल्हापुरात हा वाद आधीच होऊन गेला होता. शाहू महाराजांनी 26 जुलै 1902 रोजी मागास वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. ते गादीवर बसले तेव्हा दरबारच्या वरच्या 71 जागांपैकी 60 ब्राह्मणांकडे होत्या. हे कुणी कट करून केलं होतं का? तशी गरजच नव्हती. जागा रिकामी झाली की आत बसलेला कारकून आपल्या भाच्याला, गाववाल्याला, मुंजीत भेटलेल्या कुणा हुशार मुलाला कळवतो. तो मुलगा खरंच हुशार असतो, अर्ज कसा लिहायचा हे त्याला माहीत असतं, साहेबासमोर कसं उभं राहायचं हे त्यानं घरी पाहिलेलं असतं. गुणवत्ता आणि ओळख त्याच्या अंगी इतक्या मिसळून गेलेल्या असतात, की निवडणाऱ्याला दिसते ती फक्त गुणवत्ता. विश्वेश्वरय्यांसारख्या स्वच्छ माणसालाही ओळखीचा तो भाग दिसला नाही, हे मला त्यांच्या कथेतलं सगळ्यांत शिकण्यासारखं वाटतं.

कारकुनाच्या जागी आता पोर्टल आलं आहे. बंगळुरूच्या आयटी कंपन्यांत जागा भरण्याचा एक आवडता मार्ग म्हणजे रेफरल. कर्मचाऱ्यानं नाव सुचवायचं, माणूस लागला की त्याला बोनस. कंपनीला हा मार्ग स्वस्त पडतो आणि ओळखीची हमीही मिळते. पण माणूस कुणाचं नाव सुचवतो? लॉरी बीमन आणि जेरेमी मॅग्रुडर यांनी कोलकात्यात याचा प्रयोग केला, तो 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांना एका कामासाठी ओळखीचा माणूस आणायला सांगितलं. काहींना ठरावीक रक्कम दिली, काहींना आणलेल्या माणसाच्या कामगिरीवर पैसे. कामगिरीवर पैसे मिळणाऱ्यांनी नातेवाईक कमी आणि सहकारी जास्त आणले. म्हणजे कोण चांगलं काम करेल याचा अंदाज लोकांना असतो. पण बक्षीस नुसतं माणूस आणण्याचं असेल तर ते मेव्हण्याला आणतात. आपल्या बहुतेक रेफरल योजना याच प्रकारच्या आहेत.

रेफरलच्याही आधी एक चाळणी असते. दहावीपासून पदवीपर्यंत सलग साठ टक्के, मध्ये गॅप नको, बॅकलॉग नको, कॉलेज कंपनीच्या कॅम्पस यादीतलं हवं. शेतात दुष्काळ पडला म्हणून एक वर्ष घरी बसलेला गुलबर्ग्याचा किंवा जतचा मुलगा इथंच गळतो, आणि त्याला कुणी जात विचारलेलीही नसते. कॅरल उपाध्य आणि ए. आर. वासवी यांनी बंगळुरूच्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेतून आयटी कर्मचाऱ्यांचा जो अभ्यास केला, त्यातून हेच पुढे आलं. गुणवत्तेवर चालतो म्हणवणारा हा उद्योग बहुतांशी शहरी, इंग्रजी शिकलेल्या, वरच्या जातींतल्या मध्यमवर्गातूनच माणसं उचलतो. ती संस्था जे. आर. डी. टाटांनी 1988 मध्ये काढलेली, आणि तिची इमारत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्याच आवारात आहे. कमला भागवत जिथं रामन यांच्यासमोर उभी राहिली, त्याच भूमीवर.

नावावरून माणूस गाळला जातो का, हे तपासायची युक्ती सोपी आहे. एकसारखे अर्ज तयार करायचे, नावं तेवढी बदलायची. अमेरिकेत मारियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लइनाथन यांनी हे केलं, तेव्हा गोऱ्या वाटणाऱ्या नावांना काळ्या वाटणाऱ्या नावांपेक्षा दीडपट बोलावणी आली. भारतात अमरावती जिल्ह्यातून आलेले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात यांनी पॉल अटवेल यांच्याबरोबर ऑक्टोबर 2005 पासून 66 आठवडे इंग्रजी दैनिकांतल्या 548 जाहिरातींना 4808 अर्ज पाठवले. सगळ्या खासगी नोकऱ्या. शिक्षण सारखं असूनही दलित नावाला बोलावणं येण्याचा संभव वरच्या जातीच्या हिंदू नावाच्या दोन तृतीयांश निघाला, मुस्लिम नावाला एक तृतीयांश.

इथं दुसरा एक अभ्यासही सांगायला हवा, कारण तो सोयीचा नाही. दिल्ली परिसरात अभिजित बॅनर्जी, बर्ट्रांड, सौगतो दत्ता आणि मुल्लइनाथन यांनी 371 जागांसाठी 3160 रेझ्युमे पाठवले. सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांत जातीवरून ठळक फरक आढळला नाही. कॉल सेंटरच्या नोकऱ्यांत मात्र वरच्या जातींच्या बाजूनं, विशेषतः ओबीसी नावांच्या तुलनेत, झुकाव दिसला. सॉफ्टवेअरवाले हा अभ्यास आनंदानं पुढे करतील. मला तो खरा वाटतो, आणि अपुराही. जिथं कौशल्य कागदावर मोजता येतं तिथं नावाला किंमत कमी उरते. जिथं बोलणं, उच्चार, ‘पर्सनॅलिटी’ मोजायची असते तिथं नाव आपलं काम करतं. आणि हे प्रयोग पहिल्या फोनपाशीच थांबतात. त्यानंतर मुलाखत आहे. सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी एचआर मॅनेजरांशी बोलून 2007 मध्ये लिहिलं, की जवळपास प्रत्येक जण उमेदवाराला घरचं विचारतो. वडील काय करतात, भावंडं काय शिकली. त्यांच्या मते त्यावरून माणसाचे संस्कार कळतात. जातीवर आमचा विश्वास नाही, असंही तीच मंडळी सांगतात, आणि दोन्ही गोष्टी मनापासून सांगतात.

नोकरी लागल्यावर जात कळते कशी, याचं एक उदाहरण पार कॅलिफोर्नियातून आलं. 2020 मध्ये तिथल्या सरकारी यंत्रणेनं सिस्को कंपनीवर दावा लावला. आरोप असा, की मुंबई आयआयटीत बरोबर शिकलेल्या वरिष्ठानं एका दलित इंजिनीअरची जात इतरांना सांगितली आणि पुढे त्याची कोंडी झाली. कंपनीनं आरोप नाकारले. दोघा वरिष्ठांवरचा दावा 2023 मध्ये मागे घेण्यात आला. खऱ्याखोट्याचा निवाडा मी करणार नाही. पण पवईतल्या प्रवेशयादीतला क्रमांक समुद्र ओलांडून माणसाच्या मागे जाऊ शकतो, एवढं बंगळुरूच्या कुठल्याही टेक पार्कात कुणालाही पटेल.

भाषेवरून होणाऱ्या भेदभावाबद्दल मराठी माणसानं बंगळुरूत बसून बोलताना जरा जपून बोलावं. बंगळुरू शहर जिल्ह्यात मातृभाषा कन्नड असलेले निम्म्याहून कमी आहेत. धारवाडच्या सरोजिनी महिषी यांच्या समितीनं 1986 मध्येच स्थानिकांना नोकऱ्यांत प्राधान्य द्यावं असा अहवाल दिला होता. जुलै 2024 मध्ये खासगी उद्योगांत व्यवस्थापनाच्या 50 टक्के आणि इतर 70 टक्के जागा स्थानिकांसाठी राखणारं विधेयक कर्नाटक मंत्रिमंडळानं मंजूर केलं आणि उद्योजकांचा ओरडा होताच दोनेक दिवसांत थांबवलं. बाहेरून आलेल्या मराठी इंजिनीअरांना तेव्हा अन्याय वाटला. 1960च्या दशकात ‘मार्मिक’मधून मुंबईतल्या कंपन्यांच्या अमराठी अधिकाऱ्यांच्या याद्या छापल्या जात होत्या, तेव्हा त्याच घरांतल्या आजोबांना न्याय वाटला असेल. दोन्हीकडे मुळाशी एकच गोष्ट आहे. शहर फुगतं, चांगल्या नोकऱ्या ओळखीच्या वाटांनी बाहेरच्यांकडे जातात आणि स्थानिकाच्या वाट्याला वॉचमनची, ड्रायव्हरची कामं येतात. त्याची तक्रार खोटी नसते. उपाय म्हणून तो दुसऱ्याच्या नावाकडे बोट दाखवतो, ही पुढची गोष्ट.

कायदा यात कुठं उभा आहे? राज्यघटनेची कलमं 15 आणि 16 सरकारला बांधतात. खासगी मालकासाठी तुकडे आहेत. स्त्रियांसाठी 2025 पर्यंत 1976 चा समान वेतन कायदा होता, ज्यात भरतीतला भेदभावही येत होता. 2016 चा अपंग हक्क कायदा, 2017 चा एचआयव्हीबाबतचा, 2019 चा तृतीयपंथी व्यक्तींचा. खासगी कंपनीनं भरतीत जात, धर्म, भाषा पाहू नये असं थेट सांगणारा सर्वसाधारण कायदा नाही. आणि असता तरी सिद्ध कसं करणार? टेल्कोनं ती ओळ जाहिरातीत छापली होती, म्हणून पोस्टकार्ड टाकायला पत्ता होता. आजचा नकार एका ओळीच्या मेलमध्ये येतो, बहुतेकदा तोही येत नाही. उमेदवाराला स्वतःचा रेझ्युमे दिसतो, दुसऱ्या दोनशे जणांचा नाही. म्हणूनच थोरातांना हजारो खोटे अर्ज पाठवावे लागले.

सेबीच्या नियमानुसार शेअर बाजारातल्या वरच्या एक हजार कंपन्या आता दरवर्षी टिकाऊपणाचा आणि जबाबदारीचा अहवाल छापतात. बंगळुरूच्या मोठ्या आयटी कंपन्याही त्यात आहेत. किती स्त्रिया, किती पुरुष, किती अपंग कर्मचारी, स्त्री-पुरुषांचं मध्यक वेतन किती, कामाच्या जागी भेदभावाच्या तक्रारी किती आल्या, हे सगळं त्यात असतं. नोकरीसाठी अर्ज किती आले, कुणाचे आले आणि त्यातले कुठल्या टप्प्यावर कुणाचे गळले, हा तक्ता त्या अहवालात नाही, आणि तो मागण्याचा अधिकार अजून कुणाला दिलेला नाही.